‘मम्मी उद्या येती’ : साडेतीन वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरचं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, हंगाम कोणता तेही मुद्दाम सांगत नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. मुलाला त्याची आजी ‘सोन्या’ म्हणते. आमच्याकडे दर दोन घरांआड एक सोन्या असतो, म्हणून तेच नाव इथे ठेवलं आहे. मी त्या भागातल्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. रोजचं काम सेविकाताईंनी आणि मदतनीसताईंनी केलं. निर्णयांमध्ये मी होते, आणि जी मोठी चूक झाली ती माझी होती.

पार्श्वभूमी

दसरा झाला की ऊसतोडीसाठी आमच्याकडच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, ताडपत्री, बाजरीची पोती, एखादी शेळी आणि माणसं असं सगळं भरून टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी सीमेपलीकडे कर्नाटकात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फडाजवळची कोपी हेच घर. पहाटे अंधारात तोड सुरू होते आणि गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून मोळ्या भराव्या लागतात.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होते. सहा वर्षांच्या आतली मुलं त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी घरात दोनच वाटा असतात. बरोबर न्यायचं, नाहीतर आजी-आजोबांपाशी ठेवायचं. अंगावर पिणारं लेकरू बरोबर जातंच. तीन-चार वर्षांच्या मुलाचं काय करायचं, यावर प्रत्येक घरात दिवाळीच्या आधी रात्र-रात्र बोलणं चालतं.

सोन्या तेव्हा तीन वर्षं सात महिन्यांचा होता. आदल्या हंगामात तो आईबापांबरोबर फडावर होता. तिथे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, सावलीत झोपलेला असताना ट्रॉली मागे घेताना चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. आईने त्या दिवशीच ठरवलं की पुढच्या वर्षी याला न्यायचं नाही, अंगणवाडीत घालायचं. जूनमध्ये तो यायला लागला. बडबडा होता. गाणी पाठ करायचा, दुसऱ्याच्या ताटात काय वाढलं ते मोठ्याने सांगायचा. घरी साठीची आजी, एका डोळ्यात मोतीबिंदू, तीन शेळ्या. चुलता-चुलती त्याच वस्तीवर राहायचे, पण तेही टोळीत गेलेले. चौदा महिन्यांची बहीण, जिला सगळे ‘बारकी’ म्हणत, ती आईबरोबर गेली.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले आणि पहाटे तीनला ट्रॅक्टर वस्तीवर आला. सोन्या झोपेत होता. आईने त्याचा पापा घेतला, गोधडी सारखी केली आणि ती निघाली. पुढे फोनवर ती मला म्हणाली, “उठला असता तर ट्रालीच्या मागं पळाला असता मॅडम. मला जाणंच झालं नसतं.” सकाळी उठल्यावर त्याने विचारलं तेव्हा आजीने सांगितलं, “बाजारला गेलीय. उद्या येती.” दुसऱ्या दिवशीही उद्या, तिसऱ्या दिवशीही उद्या. हा ‘उद्या’ पुढे तीन आठवडे चालला.

काय दिसू लागलं

पहिले चार दिवस तो रडला. रस्त्याकडे धावत जायचा, आजी त्याला उचलून आणायची. पाचव्या दिवसापासून रडणं थांबलं आणि बोलणंही थांबलं. आजीला वाटलं, विसरला.

अंगणवाडीत मात्र दुसरंच चाललं होतं. दोन आठवड्यांत तो चार वेळा कडाडून चावला. एका मुलाच्या दंडावर दातांचे वळ दोन दिवस राहिले. दुसऱ्यांच्या ताटातले लाडू उचलून खिशात घालायचा. सतरंजीवर लघवी करायचा, जे जुलैनंतर त्याने कधी केलं नव्हतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की हातातलं टाकून फाटकाशी जायचा. रात्रीचं आजीने सांगितलं ते असं: “मपला पदर मुठीत धरून झोपतंय. सुटला की उठून दाराची कडी काढायलंय.”

ज्या मुलाच्या दंडाला चावला त्याचे वडील अंगणवाडीत आले. त्यांचं गावात दुकान आहे, ते कुठे जात नाहीत. “असलं पोरगं इथं ठेवणार असाल तर मी माझं पाठवणार नाही,” इतकं बोलून ते मुलाला घेऊन गेले.

आमचं पहिलं वाचन आणि पहिली चूक

मी त्या आठवड्यात भेटीला गेले आणि भेटवहीत लिहिलं, ‘मूल आक्रमक. पालकांना समज द्यावी.’ पालक शेकडो किलोमीटर दूर, उसाच्या फडात. हे वाक्य मी आजही प्रशिक्षणात नव्या सेविकांना वाचून दाखवते. चावणं हा मुलाचा स्वभाव आहे असं मी गृहीत धरलं. जूनपासून दिवाळीपर्यंत हाच मुलगा एकदाही चावला नव्हता, हे त्याच रजिस्टरमधून दिसत होतं. ते मी पाहिलं नाही.

त्याहून मोठी चूक पुढची. दुकानदाराचं म्हणणं मिटावं म्हणून मी सेविकाताईंना सुचवलं, “आठवडाभर त्याला घरीच राहू द्या. शांत होईल.” ताईंना ते पटलं नव्हतं, पण वरून आलेला शब्द म्हणून त्यांनी आजीला तसं सांगितलं.

त्या आठवड्यात सोन्या जवळजवळ जेवला नाही. दिवसभर उंबऱ्यावर बसून राहिला. वजन दिवाळीआधी १२.९ किलो होतं ते १२.२ वर आलं, वाढीच्या तक्त्यात हिरव्या, म्हणजे सामान्य वजनाच्या, पट्ट्याच्या पार खालच्या कडेला. ताईंचा फोन आला तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, त्याची माय गेली. दिवसात चार तास तो ज्या ठिकाणी ओळखीच्या माणसांत असायचा, ते आपण काढून घेतलं.”

दुसऱ्या दिवशी तो परत आला. यापुढे कोणत्याही कारणाने त्याची अंगणवाडी बंद करायची नाही, हे ठरलं. बाकीचं सगळं तिथून सुरू झालं.

ज्यांना लहान मुलांच्या विरहावर झालेलं काम माहीत आहे त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आणि पाळणाघरांत आईपासून तुटलेली लहान मुलं पाहिली. तेव्हा रुग्णालयांत आईबापांना भेटू देण्यावर कडक बंधनं होती. त्यांना तीन टप्पे दिसले. मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं आणि शेवटी अलिप्त होतं. या शेवटच्या टप्प्यात ते हसतं, खातं, कोणाकडेही जातं आणि सांभाळणाऱ्यांना वाटतं की रुळलं. आई परत आली की ते तिच्याकडे पाहत नाही. हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पण ते परदेशातल्या रुग्णालयाचं म्हणून डोक्यात एका बाजूला पडून होतं आणि वस्तीवरचं मूल दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकच आहे हे समजायला मला तीन आठवडे लागले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय आजीने मांडला. मुकादमाची गाडी पंधरा दिवसांनी माणसं न्यायला परत येणार होती, तिच्यातून सोन्याला आईकडे धाडून द्यावं. हा सोपा प्रश्न नव्हता, आणि नियम दाखवून तो बाजूला सारायचा नाही असं आम्ही ठरवलं. आईजवळ असणं हीच त्याची गरज होती. पण आईशी फोनवर बोललो तेव्हा तिने एकच विचारलं, “मी आन् बारकीचे पप्पा पहाटं फडात. बारकी झोळीत. याच्याकडं कोण बघंल?” त्या तळावर अंगणवाडी लांब होती आणि चाकाचा प्रसंग ती विसरली नव्हती. निर्णय तिचा होता. तिने नको म्हटलं. आम्ही तो मान्य केला. मात्र दोन महिन्यांनी परत विचारायचं, असंही ठरलं.

दुसरा पर्याय डॉक्टरांचा. बोलणारं मूल अचानक बोलायचं थांबलं तर ‘विरह आहे, होईल ठीक’ असं म्हणून बसून राहणं धोक्याचं असतं. कान, विकासातली अडचण, आकडी, काहीही असू शकतं. त्याच वेळी, तपासणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणंही चुकीचं. म्हणून दोन्ही बरोबर चालवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी झाली. ऐकू नीट येत होतं, खेळताना नजरेला नजर देत होता, खुणेने मागत होता, रक्त थोडं कमी होतं, त्यासाठी लोहाचं औषध दिलं. दोन महिन्यांत बोलणं परतलं नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यायचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

तिसरा पर्याय फारसा कोणी बोलून दाखवला नाही, पण वातावरणात होता. काहीच करायचं नाही. वस्तीवरची इतकी मुलं राहतात, हाही राहील.

चौथा पर्याय ताईंचा होता: त्याला खरं सांगायचं.

खरं सांगण्याचा निर्णय

आजीचा याला ठाम विरोध होता. “खरं सांगितलं तर काळीज फुटंल लेकराचं. उद्या म्हटलं की तेवढं झोपतंय तरी.” आजीने खोटं प्रेमापोटी बोललेलं होतं आणि गेल्या कित्येक पिढ्या आपण सगळेच मुलांशी असं बोलत आलो आहोत. मूल रडू नये म्हणून मागच्या दाराने निघून जायचं, हे आपल्याकडे शहाणपणाचं समजतात.

ताई आजींना आत्या म्हणतात. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, “आत्या, तो रातीचा कडी का काढतो?” आजी गप्प राहिल्या. ताई म्हणाल्या, “तो झोपला की माणसं जातेत, हे त्याला कळलंय. म्हणून तुमचा पदर सोडत न्हाई. आन् उद्या म्हणजे काय ते त्याला आता कळंना झालंय.”

तीन वर्षांच्या मुलाला अंतर कळत नाही, महिने कळत नाहीत. पण काल सांगितलेलं आज झालं नाही, हे बरोबर कळतं. दर सकाळी तो आईची वाट नव्याने बघत होता आणि दर संध्याकाळी आई नव्याने जात होती. आईचं जाणं एकदाच झालं होतं. ‘उद्या’मुळे ते एकवीस वेळा झालं.

हे बोलणं अंगणवाडीत न करता आजीच्या अंगणात करायचं ठरलं. १९४५मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला. आपल्या कामाचं नावच तिथून आलं आहे, म्हणून मला ती जागा योग्य वाटली. ताईंनी सोन्याला मांडीवर घेतलं नाही, शेजारी बसवलं, आणि वाक्यं आधी ठरवून ठेवली होती तशी एकेक सांगितली. “मम्मी-पप्पा ऊस तोडायला गेलेत. लांब गेलेत. उद्या येणार न्हाईत. लई दिवस येणार न्हाईत. मग येणार हायेत. बारकी मम्मीचं दूध पिती म्हणून तिला न्यावं लागलं. तू कायी केलं म्हणून तुला ठेवलं न्हाई. तवर आजी हाय, मी हाय.”

बारकीचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं होतं. आठवडाभर ताईंनी त्याचा खेळ पाहिला होता. काड्यापेटीच्या ट्रॅक्टरमध्ये तो एक चिंचोका बसवायचा आणि दुसरा उचलून लांब फेकून द्यायचा. पुन्हा आणायचा, पुन्हा फेकायचा.

ऐकून तो उठला आणि आजीला दोन्ही मुठींनी मारायला लागला. आजी रडत होत्या, पण ताईंनी खुणावलं म्हणून त्यांनी त्याचे हात धरले नाहीत. थोड्या वेळाने तो त्यांच्याच मांडीवर झोपला आणि तीन तास उठला नाही. त्या रात्री त्याने कडी काढली. पुढच्या रात्री काढली नाही.

दिवस कसे मोजायचे

ताईंनी भिंतीवर चौकोनांचं कॅलेंडर केलं, रोज एका चौकोनात टिकली. चार दिवसांत त्याला त्यात काही रस उरला नाही. आम्ही दोघी नवं काहीतरी शोधत होतो, तोवर आजीने तो प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. त्या त्याला पुनवेचा चंद्र दाखवायला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, असा गोल चांदोबा आणखी तीनदा येईल. शेवटचा होळीचा. होळी पेटली की मग माय निघायची तयारी करंल. आजपासून प्रत्येक पुनवेला कोनाड्यात एक खडा ठेवायचा. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. ज्या बाईला आम्ही बालविकास शिकवायला गेलो होतो, तिने साडेतीन वर्षांच्या मुलासाठी काळ डोळ्यांना दिसेल असा करून दिला.

फोनचा प्रश्न

सुरुवातीला रोज सातला व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात तीनदा कॉल झालाच नाही. गाडी आली की भरायला जावं लागतं आणि गाडीची वेळ कोणाच्या हातात नसते, शिवाय फोन चार्ज करायला कोपीत वीज नाही. शेजारच्या घरी फोनसमोर सोन्या तासभर बसून राहायचा. आम्ही एक खोटा ‘उद्या’ काढून टाकला होता आणि दुसरा तयार केला होता.

कॉल झाला तरी तो नंतर बिथरायचा. म्हणून शेजाऱ्यांचं म्हणणं पडलं की फोन बंदच करा, आठवण निघते. इथे आम्ही थांबून विचार केला. आठवण निघणं हे वाईट लक्षण नव्हतं. फोनने दुःख आणलं नव्हतं, ते आत होतं आणि फोनमुळे बाहेर येत होतं. बंद करण्याऐवजी रीत बदलली. वेळ सांगायची नाही. कॉल जमेल तेव्हा, आलाच तर आनंद. आणि रोज रात्री ऐकायला आईचा आवाज भरून घेतला. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या त्या पाऊण मिनिटात, “सोन्या, जेवलास का रे? आजीपाशी झोप. बारकी तुझं नाव घेती,” एवढंच आहे. शेजारची सून रोज झोपायच्या वेळी फोन घेऊन यायची. ती आली नसती तर हा उपाय कागदावरच राहिला असता.

अंगणवाडीतलं काम

ताईंनी आठ दिवस फक्त नोंद ठेवली: कधी चावला, त्याआधी काय झालं. निघालं ते असं की चावणं सकाळी आई लोक मुलांना सोडायला येतात तेव्हा, आणि सुटायच्या वेळी त्या न्यायला येतात तेव्हा होतं. मधल्या तीन तासांत एकदाच. म्हणजे शिस्तीचा प्रश्न नव्हता, दाराचा होता. मग मदतनीसताई त्याला घरून पंधरा मिनिटं आधी आणू लागल्या. बाकीची मुलं यायच्या वेळी त्याच्याकडे ताटल्या मोजून ठेवायचं काम असायचं. सुटायच्या वेळी तो ताईंचा हात धरून सगळ्यांना ‘टाटा’ करायचा आणि शेवटी जायचा.

लाडूंचं कोडं आजीने उलगडलं. घरी पिठाच्या डब्यामागे वाळलेले लाडूचे तुकडे सापडले. बारकीसाठी ठेवलेत, असं त्याने बोटाने खुणावून दाखवलं. आम्ही त्याला चोरी म्हणत होतो. तेव्हापासून त्याला एक तुकडा उघडपणे घरी न्यायची परवानगी दिली आणि पंधरा दिवसांत त्याने न्यायचं आपणहून सोडलं.

बोलणं पाच आठवड्यांनी आलं. ताई रोज गोलात बसल्यावर मुलांना शब्द देत होत्या: राग आला, भ्या वाटलं, रुसलो, करमत न्हाई. त्या दिवशी ट्रॅक्टर गेला, सोन्या फाटकापर्यंत गेला, परत आला आणि ताईंच्या गुडघ्याला टेकून म्हणाला, “मला करमंना.” आपल्या भाषेत हा शब्द आहे हे मोठं भाग्य आहे असं मला वाटतं. त्यात कोणावर राग नाही, कोणाचा दोष नाही, रडायची सक्ती नाही. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात बसेल इतका तो लहान आहे. ताई म्हणाल्या, “व्हय, करमत नसंल. बस माझ्यापाशी.” इतकंच.

गप्प असलेली बाकीची

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट सोन्याबद्दलची नाही. नोंदी काढताना आम्ही पट पाहिला. बावीसपैकी अकरा मुलांचे आईबाप ऊसतोडीला होते. म्हणजे अकरा घरांतून कोणीतरी झोपेत असताना निघून गेलं होतं. त्यातलं एकच मूल चावत होतं, म्हणून आम्हाला एकच मूल अडचणीत दिसलं. बाकीची दहा ‘चांगली राहिली’ होती.

त्यात एक चार वर्षांची मुलगी होती. कधी रडली नाही, सांगितलेलं ऐकायची, ताट पुसून ठेवायची, कोणीही नवी बाई आली की तिच्या मांडीवर जाऊन बसायची. माझ्याही बसली होती. भेटवहीत मी तिच्याबद्दल ‘छान रुळली आहे’ असं लिहिलं होतं. रॉबर्टसनने ज्या टप्प्याबद्दल सावध केलं होतं, तोच मी कौतुकाने नोंदवला होता. ताई नीट पाहू लागल्या तेव्हा कळलं की ती एकटीने काही खेळतच नाही, सारखी कोणाच्या तरी सेवेत असते.

पौषापासून ताईंनी चिंचोके-काड्यापेट्यांचा खेळ सगळ्यांसाठी मांडला. नाव मुलांनीच दिलं, ‘टोळी-टोळी’. ट्रॅक्टर जायचा, परत यायचा. परत येण्याचा भाग ताईंनी घातला नव्हता, दुसऱ्याच दिवशी मुलांनी घातला. त्या मुलीने तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा कोणाचा तरी हात झिडकारला आणि ‘माझा ट्रॅक्टर’ म्हणून ओरडली. ताईंनी मला फोन करून ही बातमी सांगितली, आणि आम्हा दोघींना ती आनंदाचीच वाटली.

दुकानदाराकडे ताई दोनदा गेल्या. चूक झाली असं आधी म्हणाल्या, मग चावणं कमी व्हायला काय करतोय ते सांगितलं. सोन्याच्या घरचं काही सांगितलं नाही, ते वस्तीवर सगळ्यांना माहीतच होतं. त्यांनी महिनाभराने मुलाला परत पाठवलं.

परिणाम

पुढच्या महिन्यात सोन्या दोनदा चावला, संक्रांतीनंतर एकदाही नाही. अंथरूण ओलं होणं माघापर्यंत चाललं. होळीला वजन १३.१ किलो होतं. बोलणं परतलं, पण दिवाळीआधीची ती बडबड पूर्ण परतली नाही.

आईबाप पाडव्यानंतर दहा दिवसांनी आले. आजीने ‘होळीनंतर’ म्हटलं होतं, पण शेजाऱ्यांनी त्याच्या डोक्यात पाडवा पक्का घातला होता. ते दहा दिवस पुन्हा वाईट गेले.

आई आली तेव्हा सोन्या आजीच्या मागे लपला. आईने ओढून जवळ घेतलं तर ताठ झाला. आणलेला खेळ त्याने घेतला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. तिने ताईंना येऊन सांगितलं, “माझं लेकरू मला वळखंना.” वडील त्याच्यावर ओरडले. याची कल्पना आम्ही तिला आधी द्यायला हवी होती आणि दिली नव्हती. पाच महिने आम्ही मुलाची तयारी केली, आईची केली नाही. ताईंनी तिला सांगितलं की त्याने ओळखलंय म्हणूनच पाठ केलीय, ओढू नको, त्याच्या जवळपास काम करत राहा. पाचव्या दिवशी ती भाकरी थापत असताना तो येऊन तिच्या पाठीला टेकून बसला. त्यानंतर तीन आठवडे तो तिला परसाकडेही एकटीला जाऊ देत नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला घरी ठेवायचा सल्ला मी द्यायला नको होता, हे लिहून झालं आहे. त्याशिवाय मला दिसतं ते असं. टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, कोणत्या घरातलं कोणतं मूल मागे राहणार याची यादी आमच्याकडे असते, कारण आहाराच्या नोंदीसाठी ती करावीच लागते. त्या यादीचा उपयोग आम्ही फक्त आहारासाठी करत होतो. त्याच वेळी आईबापांना बसवून निरोपाबद्दल बोलता आलं असतं आणि आवाज भरून घेता आले असते.

सोन्याला फडावर पाठवायचा प्रश्न दोन महिन्यांनी परत विचारायचं ठरलं होतं. आम्ही विचारला नाही. तोवर तो सुधारला होता आणि आम्हाला वाटलं की आता गरज नाही. मला आजही नक्की सांगता येत नाही की त्याच्यासाठी काय जास्त बरं झालं असतं.

आणि आजी. मोतीबिंदू असलेल्या साठीच्या बाईवर आम्ही रात्रीची जागरणं, पुनवेचे खडे, फोन, सगळं टाकलं. तिच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी आम्ही फाल्गुनात केली. ती कार्तिकात करता आली असती.

पुढचा हंगाम

पुढच्या दिवाळीत ताईंनी यादीतल्या तेरा घरांशी आधी बोलणं केलं. सात घरं तयार झाली. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, पण मुकादमाचा ट्रॅक्टर पहाटे तीनला येतो आणि मुलाला उठवून रडवायचं बळ त्यांच्यात नव्हतं. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही.

सोन्याच्या आईने त्याला अडीचला उठवलं. तोंड धुतलं, चहा-बिस्कीट दिलं, ट्रॉली दाखवली, बारकीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं की आम्ही जातोय, पाच चांदोबांनी येऊ. ट्रॅक्टर निघाल्यावर तो मोठ्याने रडला, आजीच्या कडेवरून उड्या मारल्या, सगळी वस्ती जागी केली. उजाडेपर्यंत रडून झोपला. अकराला स्वतः अंगणवाडीत आला आणि ताटल्या मोजायला घेतल्या.

ती गप्प मुलगी त्या दिवशी आधीच येऊन बसली होती. तिचे आईबाप आदल्या रात्री, ती झोपेत असताना गेले होते. सोन्याने तिच्यासमोर ताटली ठेवली आणि विचारलं, “तुला करमतंय का?” ती काही बोलली नाही. तो पुढच्या ताटलीकडे गेला. ताई उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या.